छापाआधी कापड

रायपूर शहरातील पंडरीचा कापडबाजार साऱ्या छत्तीसगडात परिचित आहे. गावोगावचे दुकानदार माल भरण्यासाठी तेथे येतात. लग्नघरची मंडळी येतात, शाळांचे व्यवस्थापक येतात आणि सणासुदीच्या तोंडावर तर पाय ठेवायला जागा उरत नाही. या बाजारात अलीकडच्या काळात एका नव्या गिऱ्हाइकाची भर पडली आहे. हे गिऱ्हाईक स्वतःसाठी कापड घेत नाही आणि विकण्यासाठीही घेत नाही. ते कापड घेते छापण्यासाठी. एखाद्या गल्लीतल्या दोन खोल्यांत लाकडी चौकटी, रंगाचे डबे आणि एक लांब टेबल मांडून बसलेला हा स्क्रीन प्रिंटिंगचा कारागीर कोरे टी-शर्ट शेकड्यांनी उचलतो. त्यांच्यावर कुठल्या तरी संस्थेचे नाव उमटवतो आणि ठरल्या दिवशी गठ्ठा पोचता करतो.

अशा छापील सदऱ्यांना रायपुरात निमित्तांची वाण नाही. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी असते, गणेशोत्सवातील मंडळांचे कार्यकर्ते असतात, एक नोव्हेंबरचा राज्योत्सव असतो, हिवाळ्यातील शाळांचे क्रीडामहोत्सव असतात आणि पाच वर्षांतून एकदा निवडणुकाही असतात. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडात पोचली, तेव्हापासून येथे मराठी कुटुंबांची वस्ती होत गेली. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत आजही मराठी आडनावे ऐकू येतात. त्यांच्या उत्सवांतही पूर्वी खांद्यावर उपरणे असे, तेथे आता छातीवर मंडळाचे बोधचिन्ह आले आहे. काळाचा हा बदल निमूटपणे मान्य केला, तरी एक प्रश्न शिल्लक राहतोच. हे बोधचिन्ह किती दिवस टिकते?

अनुभव असा की, पुष्कळदा ते तीन-चार धुण्यांपलीकडे टिकत नाही. अक्षरांना तडे जातात, पांढरा रंग गुलाबी होतो, सदरा आखडतो आणि देवाचे नाव लिहिलेले वस्त्र महिनाभरात फरशी पुसण्याच्या कामी येते. दोष कोणाचा म्हणून विचारले, तर बोट प्रथम छापणाऱ्याकडे वळते. रंग हलका वापरला असेल, हात नीट चालला नसेल, असे मानले जाते. कधीकधी ते खरेही असते. परंतु या धंद्याचा थोडा बारकाईने विचार केला म्हणजे ध्यानात येते की, बहुतेक छाप टेबलावर बिघडण्यापूर्वी दुकानातच बिघडलेले असतात. कापड चुकीचे निवडले गेले, की पुढे कितीही कुशल हात लाभला तरी त्याचा उपयोग मर्यादितच राहतो.

हे का घडते, हे समजण्यासाठी छपाईची ही रीत मुळात काय आहे ते पाहिले पाहिजे. चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवायची. नक्षीचा भाग मोकळा ठेवून बाकीची जाळी बुजवायची. मग चौकट कापडावर ठेवून तिच्यात रंग ओतायचा आणि रबरी पट्टीने, म्हणजे कारागिरांच्या भाषेत स्क्वीजीने, तो खाली दाबायचा. मोकळ्या छिद्रांतून रंग कापडावर उतरतो. तत्त्व इतके साधे आहे की, दारात पिठाच्या रांगोळीचा छापा उठवणाऱ्या गृहिणीला ते सांगावेही लागू नये. या रीतीचे एक मूळ जपानी कलेत आहे. तेथे तुतीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद कच्च्या तेंदूवर्गीय फळाच्या रसाने चिकटवून मजबूत करीत, त्यावर नक्षी कोरीत आणि नक्षीचे सुटे भाग जागेवर राहावेत म्हणून त्यांना रेशमाच्या धाग्यांचा आधार देत. हे साचे युरोपात पोचले. 1907 साली इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन याने रेशमी जाळीचा आधार घेऊन छापण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. पिठाच्या गिरणीत पीठ चाळण्यासाठी जे तलम रेशीम वापरीत, तेच पुढे या चौकटींवर चढले.

याच मँचेस्टरशी दुसऱ्याही एका शोधाचा संबंध आहे आणि त्यात नियतीचा थोडा विनोदही आहे. कापड छापणाऱ्या कारखान्यांचा कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन नावाचा एक मोठा संघ तेथे होता. त्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी 1941 साली पॉलिएस्टरचा धागा तयार केला. पुढे तो टेरिलीन या नावाने जगभर गेला. आपल्याकडेही टेरीन आणि टेरिकॉट या नावांनी त्याने एका पिढीला इस्त्रीच्या कटकटीतून सोडवले. म्हणजे छापणाऱ्यांना आज ज्या धाग्याने सर्वांत अधिक सतावले आहे, तो धागा छापणाऱ्यांच्याच घरी जन्मला!

सुती आणि पॉलिएस्टर या दोन धाग्यांच्या स्वभावातील भेद एका आकड्यात सांगता येतो. सर्वसाधारण हवेत ठेवलेला कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरीत नाही. कापूस पाहुण्याला घरात घेणारा आहे, पॉलिएस्टर दारातूनच निरोप देणारा आहे. रंग हाही पाहुणाच. पाण्यात कालवलेला रंग सुती कापडावर पडला की, तो तंतूंच्या फटींत शिरतो, तेथे वाळतो आणि भाजल्यावर तेथेच पक्का होतो. बोट फिरवले तर छाप हाताला लागत नाही, कापड मऊ ते मऊच राहते. उलट पॉलिएस्टरवर तोच रंग पृष्ठभागावर बसून राहतो आणि धुण्याच्या पाण्याची वाट पाहत असतो.

गंमत अशी की, ज्या गुणामुळे पॉलिएस्टर सदऱ्याच्या रूपाने कारागिराला छळते, त्याच गुणामुळे ते जाळीच्या रूपाने त्याच्या उपयोगी पडते. आजच्या चौकटींवर रेशीम क्वचितच राहिले आहे, जाळी बहुधा पॉलिएस्टरचीच असते. ती पाणी शोषीत नाही, म्हणून सैल पडत नाही आणि दिवसभर रंगात राहूनही तिचा ताण टिकतो. एकच धागा जाळी म्हणून उत्तम आणि सदरा म्हणून अवघड. यावरून एवढे कळते की, कापडात चांगले आणि वाईट असा सरसकट भेद करणे व्यर्थ आहे. जो भेद करावयाचा तो कामाला साजणारे आणि न साजणारे असा करावा लागतो.

पॉलिएस्टरची खरी खोडी तर रंगीत सदऱ्यावर प्रकट होते. या धाग्याला रंगवण्यासाठी जे रंगद्रव्य वापरतात, ते तापवले की पुन्हा चंचल होते. आता टी-शर्टच्या छपाईत प्लास्टिसॉल नावाची शाई बरीच वापरली जाते. ती हवेवर वाळत नाही. पक्की होण्यासाठी तिला सुमारे 160 अंश सेल्सियस उष्णता द्यावी लागते. लाल पॉलिएस्टर सदऱ्यावर पांढरी अक्षरे छापून त्यांना एवढा ताप दिला म्हणजे सदऱ्यातला लाल रंग जागा होऊन पांढऱ्या शाईत चढू लागतो. टेबलावरून उतरताना अक्षरे शुभ्र दिसतात. गठ्ठा बांधून पोचता होतो, पैसेही मिळतात आणि दोन दिवसांनी गिऱ्हाईक गुलाबी अक्षरे घेऊन दारात उभे राहते. यावर उपाय नाही असे नाही. कमी तापमानावर, म्हणजे सुमारे 130 अंशांवर पक्क्या होणाऱ्या शाया मिळतात, मधला रंग अडवणारा करडा थर आधी छापता येतो. परंतु हे उपाय करावयाचे तर सदरा पॉलिएस्टरचा आहे हे छापण्यापूर्वी ठाऊक असावे लागते. पुष्कळदा दुकानदाराने 'कॉटन' म्हणून दिलेल्या मालात अर्धाअधिक वाटा पॉलिएस्टरचा निघतो आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच असते.

मिश्र धाग्याचे कापड म्हणजे फसवणूकच, असे मात्र समजू नये. सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाला स्वतःचे गुण आहेत. ते कमी आखडते, लवकर वाळते, चुरगळत नाही आणि किंमतही बेताची असते. शाळेच्या गणवेशाला, रोज धुवावयाच्या कपड्याला ते सोयीचे ठरते. फक्त त्याच्याशी वागताना तो सुती नव्हे, याची आठवण ठेवली पाहिजे. त्यातील सुताचा भाग रंग आत घेतो, पॉलिएस्टरचा भाग घेत नाही, म्हणून पाण्याच्या रंगाचा छाप काहीसा फिका, धुरकट दिसतो. काही जणांना हा जुनाट देखावा आवडतो. ज्याला ठसठशीत अक्षर हवे, त्याने तो मार्ग घेऊ नये. संपूर्ण पॉलिएस्टरच्या पांढऱ्या वा फिक्या कापडासाठी तर दुसरीच रीत अधिक योग्य आहे. कागदावर छापलेली नक्षी सुमारे 200 अंशांच्या तापल्या पाट्याखाली थोडा वेळ दाबली म्हणजे रंगाची वाफ होऊन तो थेट धाग्यात शिरतो. खेळाडूंच्या सदऱ्यांवरील अंक आणि नावे पुष्कळदा याच रीतीने उमटतात आणि कापड जुने झाले तरी ते जात नाहीत.

धाग्याची जात कळल्यावर त्याची वीण पाहावी. सदऱ्याचे कापड दोन प्रकारचे. ताणा आणि बाणा यांनी मागावर विणलेले पॉपलिन, मांजरपाट, खादी हा एक प्रकार. फाशांनी गुंफलेले बनियनसारखे होजिअरी कापड हा दुसरा. पहिले मीटरवर विकतात, दुसरे बहुधा किलोवर. मागावरचे कापड ताणले जात नाही, म्हणून त्यावर रेघ जशीच्या तशी उमटते. होजिअरीचे कापड ताणले जाते आणि शाई त्याच्याबरोबर ताणली गेली नाही तर तिला तडे जातात. छातीवर आडव्या पसरलेल्या मोठ्या अक्षरांत हे तडे प्रथम दिसतात, कारण सदरा अंगात घालताना तोच भाग सर्वांत अधिक ताणला जातो. कॉलर असलेल्या, खरबरीत पोताच्या टी-शर्टांवर तर बारीक अक्षरे छापूच नयेत. त्या कापडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे असतात, शाई उंचवट्यांवर बसते, खळगे कोरे राहतात आणि संस्थेचे नाव वाचण्यासाठी तर्क करावा लागतो.

सुताच्या बारीकपणाचाही छापाशी निकटचा संबंध आहे. बाजारात तीस नंबरचे, चाळीस नंबरचे सूत असे म्हणतात, त्याचा अर्थ नेमका आहे. 840 यार्डांची एक लड, अशा जितक्या लडी एक पौंड वजनात मावतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे तीस नंबरच्या एक पौंड सुताची लांबी 25,200 यार्ड भरते. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. त्याशिवाय विंचरलेले सूत आणि साधे सूत असाही भेद आहे. कापसातील आखूड तंतू विंचरून काढून टाकले की, राहिलेल्या लांब तंतूंचे सूत गुळगुळीत होते आणि त्याच्या कापडावर लव कमी उठते. लव असलेल्या कापडावर छापले तर पहिल्या दिवशी काही दिसत नाही. परंतु धुण्यानंतर छापाखालचे तंतू वर डोकावतात आणि काळ्या अक्षरावर पिकल्या केसांसारखी पांढरी छटा येते. एन्झाइमच्या पाण्यात धुऊन ही लव घालवतात, त्यालाच बाजारात बायोवॉश म्हणतात. चार पैसे अधिक देऊन ते घेतले, तर ते वाया जात नाहीत.

वजनाच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा गोंधळ सर्वांत अधिक होतो. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन हे जाडीचे माप मानले जाते. साधारण टी-शर्ट 140 पासून 200-220 ग्रॅमपर्यंतच्या कापडांचे असतात. हलक्या कापडाला शाईचा जाड थर पेलत नाही. छातीवर पत्रा ठोकल्यासारखा तो भाग ताठ राहतो आणि बाजूचे कापड चोळामोळा होते. म्हणून हलक्या कापडावर मोकळी, विरळ नक्षी आणि पाण्याचा रंग शोभतो. भरगच्च नक्षीसाठी वजनदार कापड घ्यावे. पण वजन हाती लागले म्हणजे सत्य हाती लागले, असेही नाही. काही कापडांत खळीचे वजन मिसळलेले असते, ते पहिल्या धुण्यात पाण्याबरोबर जाते आणि उरते ती विरळ वीण. खळीने आणखीही एक अपाय होतो. शाई धाग्याला न चिकटता खळीला चिकटते आणि खळ गेली की शाईही जाते. कापड मऊ लागावे किंवा पाणी झटकावे म्हणून दिलेल्या लेपांचाही असाच परिणाम होतो. दुकानात हाताला लोण्यासारखा लागणारा सदरा छपाईला उत्तम, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

आखडण्याचे गणितही आधी करावे लागते. सुती कापड धुण्याने आखडते, छाप मात्र आखडत नाही. त्यामुळे धुतल्यानंतर छापाभोवती सुरकुत्या पडतात. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन गृहस्थाने कापड आधीच दाबून आखडवून ठेवण्याची जी युक्ती काढली, तिच्यावरून 'सॅनफोराइज्ड' हा शब्द आपल्याकडे मागच्या पिढीपर्यंत घरोघर पोचला होता. होजिअरीच्या कापडासाठी निराळी यंत्रे आहेत, परंतु तत्त्व तेच. आखडायचे ते छापण्यापूर्वी आखडून घ्यावे.

छत्तीसगडात राहून खादी आणि कोसा यांचा विचार न करणे हा कृतघ्नपणा ठरेल. हातसुताची खादी कोठे जाड, कोठे बारीक असते आणि तेच तिचे सौंदर्य. तिच्यावर केसाएवढी रेघ तुटक उमटते. ठळक आकार, रुंद अक्षरे, एकदोन रंग यांनी ती खुलते. कोसा हे वन्य रेशीम. साजा, अर्जुन यांसारख्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून ते निघते. चांपा आणि रायगड येथील विणकरांनी त्याला कीर्ती मिळवून दिली आहे. हा धागा जात्याच मधाच्या रंगाचा असतो. त्यावर पारदर्शक निळा छापला तर तो निळा राहत नाही, काहीसा हिरवट होतो. तेव्हा कोशाच्या सदऱ्यावर छापणाऱ्याने कापडाचा रंग हाच आपला पहिला रंग धरून नक्षी आखावी आणि उष्णता बेताची द्यावी, नाहीतर मौल्यवान रेशीम करपून कोमेजते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण नेहमी हसून सांगतो. येथे प्रकार उलटा आहे. बारा आण्यांची कोंबडी चार आण्यांच्या मसाल्याने बिघडू नये, एवढी काळजी घ्यावयाची.

गडद रंगाच्या सुती सदऱ्यावर छापण्याची एक नाजूक रीत आहे. तीत रंग चढवण्याऐवजी प्रथम उतरवतात. शाईत एक रसायन मिसळलेले असते, ते तापल्यावर सदऱ्याचा मूळ रंग तेवढ्या जागेपुरता नाहीसा करते आणि त्याच वेळी नवा रंग तेथे बसतो. छाप हाताला मुळीच लागत नाही. मात्र त्यासाठी कापड निखालस सुती आणि योग्य जातीच्या रंगात रंगवलेले असावे लागते. काही निळे आणि हिरवे रंग हट्टी असतात, ते अर्धवटच उतरतात. पॉलिएस्टर तर या रसायनाला दादच देत नाही. या कामात वास उग्र येतो, म्हणून खोली मोकळ्या हवेची असावी आणि सदरा धुऊन मगच गिऱ्हाइकाला द्यावा.

हे सारे झाले कापडाचे आणि रंगाचे. रायपूरच्या हवेचेही यात एक मत असते आणि ते विचारात घ्यावेच लागते. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत पाण्याचा रंग जाळीतच वाळतो, छिद्रे बुजतात आणि दर दहा-वीस सदऱ्यांनंतर चौकट पुसत बसावे लागते. श्रावण-भाद्रपदात याच्या नेमके उलट. हवा इतकी दमट की, सकाळी छापलेला सदरा संध्याकाळीही ओलसर लागतो. गणेशोत्सवाचे काम याच दिवसांत येते आणि तेही सदैव घाईचे. घाईत अर्धवट वाळलेले सदरे एकावर एक रचले जातात आणि एकाची अक्षरे दुसऱ्याच्या पाठीवर उमटतात. सुती कापड या हवेत अधिक ओलावा धरते, म्हणून भाजण्यापूर्वी ते पूर्ण सुकवावे लागते. नाहीतर दिलेली उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते आणि शाई वरून पक्की, आतून कच्ची राहते.

परंतु कापड निवडताना छापाचे आयुष्य हीच एक कसोटी मानली, तर त्यात एक मोठा अन्याय होईल. सदरा छापला जातो तो शेवटी माणसाने घालावा म्हणून. भर उन्हात मिरवणुकीची वाट मोकळी करणारा स्वयंसेवक, मैदानावर धावणारी मुले, एप्रिल-मेमध्ये दारोदार फिरणारा कार्यकर्ता, यांच्या अंगावर ते कापड दिवसभर राहते. घाम शोषून घेणारे सुती कापड त्यांना सुखावह असते, पण ओले झाले की जड होते आणि लवकर वाळत नाही. जाळीदार विणीचे चांगले पॉलिएस्टर घाम बाहेर टाकते आणि खेळाडूला ते हलके वाटते. मात्र स्वस्त, दाट विणीचे पॉलिएस्टर उन्हात अंगावर घालणे ही एक शिक्षाच होय. त्याच्या छातीवर पानभर शाईचा थर दिला म्हणजे उरलीसुरली हवाही बंद होते. ज्याने दर ठरवला तो पंख्याखाली बसलेला असतो आणि सदरा घालणारा उन्हात उभा असतो. या दोघांतील अंतर कापडाच्या निवडीने कमी करता येते. तेव्हा मोठ्या चौकोनी छापाऐवजी छातीच्या डाव्या बाजूला छोटे चिन्ह आणि पाठीवर मोकळ्या अक्षरांत नाव, एवढी सवलत घालणाऱ्याला देता आली तर अवश्य द्यावी.

मग सामान्य गिऱ्हाइकाने आणि लहान कारागिराने परीक्षा करावी तरी कशी? त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. शिवणीच्या आतील चार धागे काढून जपून पेटवावेत. सूत कागदासारखे जळते, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि त्याचा कठीण मणी बनतो. जळूनही मणी राहिला, तर मिश्रण समजावे. कापडावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो झटकन शोषला गेला तर खळ वा लेप नाही. मण्यासारखा उभा राहिला तर कापड आधी धुऊन घ्यावे, नाहीतर परत करावे. ओल्या पांढऱ्या चिंधीने रंगीत सदरा चोळावा, चिंधी रंगली तर तो रंग पुढे शाईलाही रंगवील. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सगळा गठ्ठा छापण्यापूर्वी एक सदरा छापावा, भाजावा, दोन दिवस ठेवावा, पाच वेळा धुवावा आणि मग ताणून पाहावा. एका सदऱ्याचा हा खर्च म्हणजे उरलेल्या सदऱ्यांचा विमाच आहे.

हा विमा किती मोलाचा आहे, ते साध्या हिशेबाने दिसते. समजा, एखाद्या मंडळाला 200 सदरे हवे आहेत आणि प्रत्येकामागे 20 रुपये वाचवून हलका माल घेतला. बचत झाली 4,000 रुपयांची. पण छाप टिकला नाही, तर कापड, शाई, मजुरी असा सगळाच खर्च बुडतो. तो बहुधा मंडळ सोसत नाही. पैसे अडकतात ते कारागिराचे. त्याच्या दोन खोल्यांतल्या संसारात असा एक गठ्ठा परत आला की, महिन्याची मिळकत जाते. मोठा कारखाना हा धक्का पचवू शकतो. लहान माणसाला तो पचत नाही आणि पुढच्या वेळी तोही शाईत काटकसर करू लागतो. एकाच्या काटकसरीतून दुसऱ्याची काटकसर जन्मते आणि अखेरीस बाजारात चांगला छाप दुर्मिळ होतो.

या चक्रातून सुटण्याचा मार्ग काही अवघड नाही. संस्था असो, शाळा असो वा कचेरी असो, सदऱ्यांची मागणी करताना कागदावर केवळ रंग, माप आणि संख्या लिहिली जाते आणि सर्वांत कमी दराचा माणूस पसंत केला जातो. या कागदावर आणखी चार ओळी वाढवाव्यात. धागा कोणता आणि किती टक्के, चौरस मीटरला वजन किती, धुण्यानंतर आखडण्याची मर्यादा काय आणि छाप किती धुण्यांपर्यंत टिकला पाहिजे. धुण्यात आणि घासण्यात रंग किती टिकतो, हे मोजण्यासाठी एकपासून पाचपर्यंतची श्रेणी जगभर रूढ आहे. तीत पाच म्हणजे उत्तम. कागदावर चार हा आकडा लिहिला, तरी पुष्कळ वाद आपोआप मिटतील. अट लिहिलेली असली म्हणजे प्रामाणिक कारागिराला आपला दर सांगताना संकोच वाटत नाही आणि अप्रामाणिकाला स्वस्ताईची ढाल करता येत नाही. दराची तुलना होते ती एकाच मालाच्या दरांची होते. आज पुष्कळदा तुलना होते ती आंबा आणि चिंच यांची आणि चिंच स्वस्त म्हणून विजयी होते!

नमुन्याचा एक छापलेला, धुतलेला सदरा दोन्ही पक्षांच्या सहीनिशी जपून ठेवावा, ही पाचवी ओळ. त्याने कोणाच्याही शब्दावर अविश्वास दाखवला जात नाही. उलट शब्दाला साक्षीदार मिळतो.

कापडाची निवड ही अशी नक्षीच्या आधीची, रंगाच्या आधीची आणि दराच्याही आधीची गोष्ट आहे. कोण घालणार, कोणत्या ऋतूत घालणार, किती वेळा धुणार, हे तीन प्रश्न विचारले की धागा आपोआप ठरतो. धागा ठरला की शाई ठरते, शाई ठरली की नक्षीची मर्यादा ठरते आणि या सर्वांतून जो दर निघतो तोच खरा दर. नाव छापून घेण्याची हौस सर्वांनाच असते, त्यात गैर काही नाही. ज्या वस्त्रावर ते नाव जाणार, ते त्या नावाइतके तरी टिकाऊ असावे, एवढीच अपेक्षा आहे.